पहिल्या जाळाचा मान

गेल्या आठवड्यात आमच्या जर्मनीतल्या जुन्या गावच्या ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे नगराध्यक्ष बाईंचा फोन आला. आवाज अगदी साखरेत घोळलेला. गावाचा मोठा वर्धापन सोहळा आहे, अमेरिकेहून पाहुणे येणार आहेत, आणि जुन्या भट्टीघरातला पहिला जाळ पेटवण्याचा मान माझ्या आईच्या स्मरणार्थ मला द्यायचा, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं आहे. "तुमच्या आईलाही आम्ही हा मान देत होतो ना, ती आमच्या गावची सुंदर परंपराच आहे," असं त्या म्हणाल्या. माझी साठी उलटली आहे, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, पण माझी कानशिलं तापली. समोर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माझ्या मुलीने जर्मनमध्ये विचारलं, "ममा, काय झालं, कोण वारलं?" कोणी वारलं नव्हतं. एक थापच पुन्हा जिवंत होऊन दारात उभी राहिली होती, आणि ती थाप पचवायची माझी बिलकूल तयारी नाही. उद्यावर कशाला टाकू म्हणून त्याच दुपारी हे लिहायला बसले.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. त्याच नावाचं आणखी एक छोटं गाव अमेरिकेत, आयोवाच्या मक्याच्या शेतांमध्ये आहे, आणि दोघांपैकी एकानेच ते नाव राखलं असं माझं मत आहे. आमचं गाव र्युसेल्सहाइमपासून बसने अर्ध्या तासावर. बाबा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. भल्या पहाटे कामगारांची बस पुलावर येऊन दोनदा हॉर्न वाजवायची आणि बाबा एका हातात डबा, दुसऱ्या हातात मफलर घेऊन धावत सुटायचे. गावाचे दोन भाग होते. चर्च, शाळा, लाकडी चौकटींची देखणी घरं असलेला वरचा भाग, आणि ओढ्यापलीकडची सखल गल्ली. या गल्लीला उंटरगासे म्हणत. जोराचा पाऊस झाला की तळघरात पाणी शिरायचं ते याच गल्लीत, आणि भाड्याने घर मिळालं तेही याच गल्लीत. वर्ध्याजवळच्या एका खेड्यात गावाबाहेरच्या वस्तीत बाबांचं लहानपण गेलं होतं. पहिल्या दिवशी ओढ्याच्या पुलावर उभं राहून त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "कळलं." आई नागपूर शहरातली, मास्तरांची मुलगी. ती म्हणाली, "तुम्हाला ना अहो, सगळीकडे तेच दिसते."

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत दोन तसबिरी, एक बुद्धांची आणि एक निळ्या सुटातली. शेजारच्या फ्राउ एमरिख पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी निळ्या सुटाकडे बोट दाखवून विचारलं, "ओपा?" म्हणजे आजोबा का. बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "जा, गेनाऊ," हो, अगदी तेच. पुढे अख्ख्या गल्लीत माझे आजोबा फार शिकलेले होते अशी ख्याती झाली, आणि आम्ही ती कधीच खोडून काढली नाही. याच फ्राउ एमरिख सुरुवातीला एकदा काठी टेकत दार ठोठावत आल्या होत्या, कारण आमच्या स्वयंपाकघरातून रोज संध्याकाळी थपथप आवाज येतो आणि मुलीला मार बसतो की काय अशी त्यांना शंका आली होती. आईने त्यांना आत नेऊन भाकरी थापून दाखवली. म्हातारीने उभ्या उभ्याच पिठल्याबरोबर ती भाकरी खाल्ली आणि नाक पुसत पुसत म्हणाली की तिखट आहे, पण उद्याही येईन. खरंच आली. आईचं मोडकंतोडकं जर्मन आणि त्यांची गावठी बोली, मधे मी दुभाषी, अशी ती मैत्री जमली.

ज्वारीचं पीठ फ्रँकफुर्टच्या दुकानातून आणावं लागे आणि संपलं की महिना महिना मिळत नसे. पण आईचा खरा जीव अडकला होता रोडग्यांत. आमच्याकडे शेतात, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, वरून तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. गॅसच्या ओव्हनमध्ये तिने करून पाहिले तेव्हा बाबा चावत चावत म्हणाले, "हे बेअरिंगमध्ये चालतील." त्यावर फ्राउ एमरिखनी सांगितलं की गावात बाकहाउस आहे, दगडाची जुनी भट्टी, शनिवारी सगळे तिथे पाव भाजतात. आईचे डोळे चमकले.

ते भट्टीघर वरच्या भागात चर्चच्या मागे. आत आडवी, ऐसपैस दगडी भट्टी. काटक्यांच्या मोळ्या तिच्या पोटात पेटवायच्या, काजळी जळून दगड आतून पांढरा दिसेपर्यंत जाळ ठेवायचा, मग निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने राख पुसायची आणि पाव आत सरकवायचे. एकाचं झालं की दुसरा. जो तो आपली लाकडं घरून आणणार. कोणाचा नंबर कधी, हे शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठीने ठरे. किल्ली असायची हेर लोट्स यांच्याकडे. ते आपली हिरवी टोपी उलटी धरत, तिच्यात आकडे लिहिलेल्या लाकडी चकत्या टाकत, आणि प्रत्येकजण हात घालून एक उचले. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आईनेही हात पुढे केला. हेर लोट्सनी टोपी मागे घेतली, छातीवर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "फ्राउ मेश्राम, तुम्हाला चकती नको. तुम्ही पहिल्या." सगळे हसून माना डोलवू लागले.

आई तरंगतच घरी आली. आपल्याकडे पाहुण्याला पहिलं पान वाढतात, लग्नात पहिली ओटी मानाच्या बाईची असते, पंगतीत पहिला घास मोठ्यांचा. तिला वाटलं, गावाने आपल्याला वर बसवलं. नागपूरला आजोबांना तिने लिहून कळवलं की इथल्या लोकांनी आपल्याला पहिला मान दिला. बाबा तेवढे बूट काढता काढता म्हणाले, "पहिला नंबर? काऊन?"

"काऊन म्हणजे? चांगले लोक आहेत म्हणून."

"पहिला नंबर आपल्याला कोणी फुकट देत नाही, बाई."

"तुम्ही जेवा आधी," आई म्हणाली आणि विषय संपला.

मग दर शनिवारी आम्ही पहिले. बाबांनी जंगलात पडलेली लाकडं गोळा करायचा लेझेशाइन काढला, कारण या देशात वाळकी काटकी उचलायलाही परवाना लागतो. शुक्रवारी कामावरून आले की आम्ही बापलेक हातगाडी घेऊन जंगलात जायचो. उजाडायच्या आत आई जाळ करायची. आठवडाभर गार पडलेला दगड तापता तापत नसे. मोळीमागून मोळी जायची, धुराने आईचे डोळे लाल व्हायचे, आणि एवढं करून रोडगे वरून करपलेले, आतून कच्चे. आई स्वतःलाच दोष द्यायची, कणीक सैल झाली, फडकं जास्त ओलं होतं. आमचं आटोपलं की हेर लोट्सची बायको इस्त्रीचा एप्रन बांधून यायची, एक चिमुकली मोळी टाकायची, आणि तिचे पाव फुगून, तांबूस होऊन, टकटक वाजत बाहेर पडायचे. "श्योन वार्म!" म्हणायची आमच्याकडे पाहून. छान ऊब आहे. हो बाई, असणारच. आजही ते दोन शब्द कोणी सहज उच्चारले तरी माझ्या दाढा घट्ट आवळल्या जातात.

कळलं ते फ्राउ एमरिखमुळे. एका शनिवारी आईने त्यांना करपलेला रोडगा दिला आणि ओशाळून म्हणाली की मान पहिला मिळतो, पण हातच नाही बसत अजून. म्हातारीने मला ते पुन्हा सांगायला लावलं. कुठला मान? मी जर्मनमध्ये सांगितलं. तिने रोडगा ताटलीत ठेवला.

"पोरी, तुझ्या आईला सांग," ती म्हणाली, "माझी आजी पण कायम पहिली होती. आमची अख्खी गल्ली पहिली होती. थंड भट्टी तापवायला कोणाची लाकडं जाळायची? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची. चकत्या वरच्या गावासाठी. उंटरगासे सुरुवात करते."

मग तिने बाकीचं सांगितलं, जे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. फार पूर्वी या गल्लीत मजूर, टोपल्या विणणारे, विधवा, पोरकी मुलं राहत. दुष्काळी वर्षं आली, त्यांना पोसायचा गावाला कंटाळा आला. वरच्या गावाने बैठक घेऊन सगळ्या गल्लीची अमेरिकेची एकेरी तिकिटं काढली आणि एका सकाळी त्यांना गाड्यांत बसवून बंदराकडे रवाना केलं. परत येऊ नयेत म्हणून त्याच आठवड्यात घरं पाडली. फ्राउ एमरिखची पणजी बाळंत होती, गाडीत चढवता येईना, म्हणून ते एक घर उरलं. त्या मोकळ्या जागेवर पुढे युद्धातून पळून आलेले निर्वासित आले, मग इटालियन आणि तुर्की कामगार आले, मग आम्ही. "जो येतो तो पहिला," म्हातारी म्हणाली.

मी हे आईला मराठीत सांगत होते तेव्हा तिचे हात कणकेत होते. तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि बराच वेळ त्या दोन तसबिरींखालच्या खुर्चीवर बसून राहिली. बाबा घरी आल्यावर तिने त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, मी म्हटलं नव्हतं? ते एवढंच म्हणाले, "अजून आपण त्यांची भट्टी तापवून राहिलो." आणि त्या दिवशी त्यांनी रोडग्याला हात लावला नाही. मला रडू आलं ते माझ्या बापाच्या चेहऱ्याकडे पाहून. सात समुद्र ओलांडून माणूस आला तरी गाव त्याला ओळखून काढतं आणि त्याच्या जागी नेऊन बसवतं, हे मी तेव्हा शिकले, आणि त्याचा राग आजतागायत मावळलेला नाही.

पुढच्या शुक्रवारी आई मला घेऊन गेली आणि टोपीत हात घालू लागली. हेर लोट्सनी पुन्हा टोपी मागे घेतली. आईने मला सांगायला लावलं की आम्हालाही चकती हवी. ते रागावलेसुद्धा नाहीत, तेच मला जास्त झोंबलं. लहान मुलाची समजूत काढावी तसे म्हणाले, "दास वार शोन इमर झो." हे असंच चालत आलंय, कायमच. या एका वाक्यावर तो देश काय काय झाकून ठेवतो! मी पुढे शिकले, नोकरी केली, कचेऱ्यांमधून फिरले, आणि जिथे जिथे अन्याय भेटला तिथे तिथे हे वाक्य टेबलावर आधीच मांडलेलं असायचं.

त्याच उन्हाळ्यात गावाचा सोहळा आला. आयोवातल्या त्या दुसऱ्या गावातून पाहुणे येणार होते, हाकललेल्यांची नातवंडं-पतवंडं. गावभर झेंडे लागले. भट्टीघराला रंग लागला. पाहुण्यांसमोर पाव भाजायचे ठरले, आणि पहिला जाळ अर्थातच फ्राउ मेश्राम. उलट त्यात आता शोभाही होती, साडीतली बाई जुन्या भट्टीत जाळ करते आहे, फोटो छान येणार. हेर लोट्स आदल्या दिवशी येऊन बजावून गेले की साडी नेसा, ती लाल.

आई लाल साडी नेसली. कणकेचं पातेलं घेतलं. मी हातगाडीकडे वळले तर म्हणाली, "सुजे, गाडी राहू दे."

"आणि लाकडं?"

"राहू दे म्हटलं ना."

बाबांनी कोट चढवला आणि तिच्या हातातलं पातेलं घेतलं. फ्राउ एमरिख दारात उभ्याच होत्या. आम्ही चौघं पूल ओलांडून वर गेलो. घरमालकही वरच्या गावचाच होता आणि त्याने दुसऱ्या दिवशी घर सोडायला सांगितलं असतं तर आम्ही कुठे जाणार होतो? बाबांनाही ते माहीत होतं. तरी ते माझ्या पुढे, ताठ चालत होते.

चौकात बँड वाजत होता. तेव्हाचे ब्युर्गरमाइस्टर भाषण करत होते. आपल्या गावचे शूर सुपुत्र, नव्या जगाची ओढ, बँडच्या तालावर गात गात निघाले वगैरे. फ्राउ एमरिख माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "बँड होता, ते खरं आहे. गावाला आनंद झाला होता." मग टाळ्या झाल्या आणि सगळे भट्टीकडे वळले. हेर लोट्स चामडी चड्डीत, टोपीला नवं पीस लावून उभे. "फ्राउ मेश्राम, बिट्टे!" म्हणजे या, करा सुरू. आई भट्टीसमोर गेली आणि हात बांधून उभी राहिली. भट्टीचं तोंड काळंशार. लोक वाट पाहू लागले. हेर लोट्सचं हसू हळूहळू आटलं. "लाकडं कुठे आहेत?"

आईने मला मधे घेतलं नाही. स्वतःच, तिच्या त्या तुटक जर्मनमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज टोपी. सगळ्यांना. मला पण."

"पण हा मान आहे तुमचा!"

"मान खूप झाला," आई म्हणाली. "आता तुम्ही घ्या थोडा."

कोणीतरी पाठीमागून बोललं की या लोकांना काही दिलं तरी पुरत नाही. बाबा वळून बघायला लागले. तेवढ्यात पाहुण्यांतली एक उंच, पांढऱ्या केसांची म्हातारी पुढे आली. मिसेस क्लाइन. ती गावाच्याच जुन्या बोलीत बोलायची, आणि दोन दिवस सगळे त्याचंच कौतुक करत होते. तिने विचारलं, "पहिला जाळ कोणाच्या लाकडाचा असतो इथे?" हेर लोट्स टोपीचं पीस नीट करू लागले. शेवटी फ्राउ एमरिख म्हणाल्या, "उंटरगासेच्या. अजूनही."

मिसेस क्लाइन आईकडे वळल्या आणि जे बोलल्या ते मी शब्दन् शब्द आईला सांगितलं. त्यांचे लोक आयोवात पोचले तेव्हा थंडी तोंडावर होती. नदीकाठच्या दरडी खणून माणसं त्यांत राहिली. चर्च नाही, शाळा नाही, कोणाच्या डोक्यावर धड छप्पर नाही, पण ओढ्याची माती तुडवून त्यांनी सगळ्यांत आधी एक भट्टी घातली. आणि त्या गावाचा पहिला कायदा झाला तो याच भट्टीच्या तोंडाशी बसून. ज्याच्या अंगणात लाकडांचा ढीग सगळ्यांत मोठा, त्याने पहिला जाळ करायचा. मग गिरणी आली, आगगाडी आली, गावाला घंटा आली. कायदा तोच राहिला. "आमच्याकडे अजून गावचा मेयरच घरची लाकडं आणतो," त्या म्हणाल्या, "आणि त्याचा पाव दरवर्षी कच्चा निघतो. आम्ही सगळे जाऊन बघतो."

आयोवावाले हसले. गाववाले नाही हसले. ब्युर्गरमाइस्टरांनी इकडेतिकडे पाहिलं, मग हेर लोट्सकडे पाहिलं. हेर लोट्सनी टोपी काढली तेव्हा त्यांचे कान लालबुंद झाले होते. चकत्या पडल्या. एकेक जण हात घालत गेला, आईनेही घातला. पहिला नंबर वरच्या गावातल्या खाटकाचा आला, तो पुटपुटत लाकडं आणायला घरी पळाला. आईचा तिसरा. त्या दिवशी बाबांनी मधून फोडलेल्या रोडग्यातून वाफ निघाली, आतपर्यंत पिकलेला, आणि ते भर चौकात उभे राहून तूप कोपरापर्यंत ओघळेस्तोवर खात होते. मिसेस क्लाइनही खात होत्या. मी तेव्हा फार आगाऊ होते. मी त्यांना विचारलं की तुमचे लोक तिथे पोचले तेव्हा ती जागा रिकामीच होती का. त्या खायच्या थांबल्या. "नव्हती," म्हणाल्या. "तिथल्या मूळच्या लोकांना आम्ही पहिला काय, कुठलाच नंबर दिला नाही. हे आम्ही सोहळ्यात सांगत नाही." निदान ती बाई मला खरं बोलली.

घर गेलं नाही, पण त्यानंतर कित्येक महिने बेकरीत आमच्याआधी मागच्या माणसाला विचारलं जायचं, आणि हेर लोट्सच्या बायकोने आईशी बोलणं टाकलं. मात्र टोपी सगळ्यांसाठी फिरू लागली. हिवाळ्यात एका शुक्रवारी आईने चकती उचलली, उलटी केली आणि माझ्याकडे वळून ओरडली, "सुजे, पहिला आला गं!" इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तिने पहाटे जाऊन गारठलेली भट्टी तापवली, आमच्या सगळ्या मोळ्या जाळल्या, रोडगे कच्चे निघाले, आणि ते तिने घरी आणून आनंदाने आम्हाला खायला घातले. बाबांनी ते सगळे संपवले.

आता ती दोघंही नाहीत, फ्राउ एमरिखही नाहीत. आणि या नव्या बाई मला फोनवर सांगतात की आम्ही तुमच्या आईला मान देत होतो. भट्टीघरावर तशी पाटीही बसवणार आहेत म्हणे. एकदा लोकांना हाकललं आणि ते गात गेले म्हणून सांगितलं. आता माझ्या आईला राबवलं आणि तिचा सत्कार केला म्हणून सांगणार. मी कशी गप्प बसू?

फोनवर मी आवाज चढवला नाही. आईनेही त्या दिवशी चढवला नव्हता. मी म्हटलं, येईन, कणीक भिजवून आणीन. बाईंना फार आनंद झाला. लाल साडीचं विचारलं. नेसेन म्हटलं.

"फक्त एक करा," मी म्हणाले. "टोपी घेऊन या."

"टोपी?" त्यांना खरंच कळलं नाही. "टोपी कशाला?"

"सांगते ना. सगळ्या गावाला बोलवा, तिथेच सांगते. आणि प्रत्येकाला म्हणावं आपापली लाकडं घेऊन या. तुम्हीसुद्धा."